सदतीस नंबर

विमान उतरायला लागलं की आम्ही हात काढून घेतो.
चार सुया फिल्मवर टेकलेल्या असतात,
खिडकीच्या काचा बडबडतात, आकडा थरथरतो.
पास्कोल अंकल छताकडे बघत म्हणतात,
"जाऊ दे त्याला, बाय. पाय टेकू देत."
मग पुन्हा वाचायचं :
चौरसाला दोनशे दहा ओहम.
काल संध्याकाळी एकशे नव्वद होते.

रात्रीत काय झालं ते मला माहीत आहे.
सहा वाजता वॉचमन एसी बंद करतो
आणि मिठी नदीवरची हवा
फटीफटीतून आत येऊन बसते.
आम्लानं फिल्मला जे दिलं
ते दमट हवा मोजून परत घेते.
परदेशी शोधनिबंधांत याबद्दल ओळ नसते.
त्यांच्या गावात कलिना नाही.

फिल्म म्हणजे खरं तर काजळी.
चिमूटभर काळी भुकटी,
इतकी महाग की वजन करताना श्वास रोखायचा.
तिच्यात नळ्या, पोकळ,
केसाच्या जाडीत पन्नास हजार शेजारी शेजारी मावतील अशा.
साबणाच्या पाण्यात तासभर हादरवलं
तेव्हा कुठे एकमेकींना सोडतात,
आणि गाळणीवर आडव्यातिडव्या पडतात,
हिचा पाय तिच्या अंगावर.
जिथे शिवतात तिथून वीज वाट काढते,
जिथे शिवत नाहीत तिथून उजेड.

जास्त घातल्या तर वीज खूश, प्लास्टिक अंधारं.
कमी घातल्या तर आरपार दिसतं, वीज उपाशी.
चार वर्षं मी दोघींची समजूत काढते आहे.

पाण्यावर तरंगणारी फिल्म उचलणं माझं काम नाही.
माझ्या हातून फाटते.
अंकल प्लास्टिकचा तुकडा तिरका बुडवतात
आणि एका दमात वर घेतात, साय काढावी तशी.
दुधापेक्षा साय प्यारी, मी एकदा म्हटलं,
त्यांची नात दुसरीत आहे म्हणून.
"ही साय काळी," ते म्हणाले,
"आणि माझ्या म्हातारपणी विचारायला यायची नाही."

गेटवरचं हजेरीचं यंत्र त्यांना ओळखत नाही.
एकतीस वर्षं ॲसिटोन, आम्लं, काचा घासणं,
अंगठ्यावरच्या रेघा धुऊन गेल्या.
ते अंगठा पँटला पुसतात, फुंकर मारतात, जिभेला लावतात.
पुन्हा प्रयत्न करा.
पुन्हा प्रयत्न करा.
मागे रांग खाकरते.
मार्चमध्ये ते अकरा दिवस गैरहजर होते.
त्याच अकरा दिवसांत एकोणतीस ते छत्तीस नंबरच्या फिल्म
पाण्यातून वर आल्या. आपोआप, बहुतेक.

सदतीस नंबर आम्ही पेन्सिलीभोवती गुंडाळली.
शेजारी इंडियमवाली, बाजारातली.
ती दहाव्या वाकवणीला तडकली,
आवाज नाही, काही नाही,
फक्त आकडा कुठच्या कुठे गेला.
आमची हजार वेळा वाकली. सात ओहम वाढले.
मी तारा जोडल्या, एक छोटा दिवा लावला.
अंकल, बोट ठेवा.

त्यांनी अंगठाच पुढे केला.
सवयीनं पँटला पुसला, फुंकर मारली,
आणि मग ठेवला.
दिवा लागला.
काढला, विझला. ठेवला, लागला.
किती वेळा, ते मोजायचं राहून गेलं,
आणि मी तर सगळं मोजते.

"हिला रेघा लागत नाहीत," मी म्हटलं,
"आपल्या अंगात थोडी वीज असते, तेवढी पुरते."
बराच वेळ ते फिल्ममधून पलीकडे बघत होते,
टेबलावरची माझी वही, उलटी, जराशी करडी.
"मग गेटवर हीच बसव ना," म्हणाले,
आणि ट्रे धुवायला गेले.

वहीत लिहिलं : नमुना सदतीस. आर्द्रता त्र्याहत्तर टक्के.
शेवटचा रकाना, फिल्म कोणी उचलली,
तिथे आजवर मी आद्याक्षरं टाकत होते.
पास्कोल झेवियर क्रियाडो.
सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.
तेवढ्यात विमान आलं, आकडा हलायला लागला,
आणि आम्ही थांबलो.